तळ्याचा एक काठ तरी उतरता राहू द्या

महोदय,

तळ्याचे सुशोभीकरण म्हटले की काठाला उभी भिंत, भोवती फरशी आणि पाणवनस्पतींची मुळासकट सफाई, असेच आता ठरून गेले आहे. गेली काही वर्षे मी एका तळ्याकाठी रोज सकाळी तासभर बसतो आणि जे दिसेल ते वहीत टिपतो. तळ्यातली सगळ्यात जास्त वर्दळ काठच्या चिखलात आणि उथळ पाण्यातच असते, हे या वह्या चाळताना पुन्हा पुन्हा जाणवते.

पहिला मोठा पाऊस झाला की मोठ्या बेडकांचे नर हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात. एरवी मातीत मिसळून जाणाऱ्या ढोकरी या छोट्या बगळ्याची पाठ याच दिवसांत किरमिजी होते. कमळपक्ष्याची मादी तरंगत्या पानांवर चार अंडी घालून निघून जाते. अंडी उबवायची आणि पिल्ले सांभाळायची ती नराने. एका वर्षी ही पाने ‘कचरा’ म्हणून ओढून काढली गेली. त्या पावसाळ्यात माझ्या वहीत कमळपक्ष्याची एकही नोंद नाही. ती कोरी पाने आजही बघवत नाहीत.

चतुराची अळी पाण्यात वाढते आणि शेवटची कात टाकायला बहुधा गवताच्या देठावर चढते. याच चतुरांतली एक जात पावसाळा सरल्यावर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जाते. एवढ्या प्रवासाची सुरुवात अशा एखाद्या देठावरून होते!

थंडीत थापट्या, चक्रांग, तलवार बदके उतरतात. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत 1987पासून अशाच पाहुण्यांची मोजदाद होते आहे. पुढे पाणी ओसरते तसा चिखल उघडा पडतो आणि शेकाट्या, तुतारी हे पक्षी तिथे चरू लागतात. उभ्या भिंतीपाशी पाणी एकदम खोल असते. तिथे त्यांनी पाय टेकायचे कुठे?

गाळ काढायला माझा विरोध नाही. पण तो टप्प्याटप्प्याने काढावा, विणीच्या दिवसांत वनस्पतींना हात लावू नये आणि निदान एक काठ उतरता, गवताळ ठेवावा. आराखडा करण्याआधी त्या तळ्याच्या वर्षभराच्या नोंदी पाहाव्यात. माझ्या वह्या मी त्यासाठी आनंदाने देईन.

– एक नियमित वाचक