बोलायची संधी त्याच दोन-तीन जणांना का?

मा. संपादक,
स. न.

युवक महोत्सव जवळ आला की आमच्याकडे नोटीस बोर्डावर वक्तृत्व, वादविवाद अशी यादी लागते, सर वर्गात येऊन विचारतात कोण नाव देणार आणि सगळा वर्ग वळून त्याच दोन-तीन जणांकडे बघतो. ते जातात, छान बोलतात, बक्षीसही आणतात, त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण बाकीचे आम्ही साठेक जण तीन वर्षं हजेरीला 'येस सर' सोडून काही न बोलता डिग्री घेऊन बाहेर पडतो आणि मग पहिल्याच इंटरव्ह्यूला घशाला कोरड पडते, त्याबद्दल लिहायचंय.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव बीड जिल्ह्यात, शाळा जिल्हा परिषदेची. सेकंड इयरला सेमिनार होता, दहा मिनिटं, विषय क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करायची पद्धत. विषय मला येत होता, पण बोलायचं म्हणजे पाठ करायचं एवढंच शाळेपासून माहीत, २६ जानेवारीला गुरुजी भाषण लिहून देणार आणि आपण 'सन्माननीय व्यासपीठ' पासून एका दमात म्हणून टाकायचं. तसंच इथेही रात्रभर जागून पाठ केलं, तेही इंग्रजीत. दुसऱ्या स्लाइडला एक वाक्य आठवेना आणि त्याच्या मागचं सगळंच गेलं. हातातला कागद इतका थरथरत होता की त्याची फडफड मला ऐकू येत होती. सर म्हणाले, "बस, पुढच्या वेळी तयारी करून ये." तयारी मी केली होती हो, फक्त चुकीची केली होती आणि बरोबर कशी करायची हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

मग आम्ही चार मित्रांनी होस्टेलच्या गच्चीवर जेवण झाल्यावर सुरू केलं, प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं, हातात कागद नाही, चिठ्ठीवर फक्त तीन शब्द, आणि आधी मराठीतच. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर तीन मिनिटांत मी ४१ वेळा 'म्हणजे' म्हणालो होतो! ते लगेच जात नाही, पण त्या जागी नुसतं गप्प राहायचं, एक श्वास घ्यायचा, ऐकणाऱ्याला ते खटकत नाही हे हळूहळू कळलं. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवायचं, मधलं मुद्द्यांवर बोलायचं आणि एक वाक्य पूर्ण होईपर्यंत एकाच माणसाकडे बघायचं, एवढंच आम्ही सहा महिने घोटलं.

पुढच्या सेमिनारला मी पीपीटी केलीच नाही. फळ्याचा एक पांढरा खडू, काळं स्केचपेन आणि ग्लासात बोटभर पाणी घेऊन गेलो. खडूवर खालच्या टोकाच्या थोडं वर, पाण्यात बुडणार नाही असा काळ्या शाईचा पट्टा काढला आणि खडू पाण्यात उभा केला. पाणी वर चढायला लागलं तसे काळ्यातून निळा, जांभळा असे रंग वेगळे होत गेले, मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली, आणि ते बघताबघता मी बोलत होतो, हात कामात होते त्यामुळे थरथर आठवलीसुद्धा नाही.

नामवंत वक्ते प्राचार्य शिवाजीराव भोसले आमच्याच मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांची व्याख्यानं आजही यूट्यूबवर आहेत, आरडाओरडा नाही, समोरच्याला विषय समजावा एवढीच धडपड. ज्या महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि लोक अजून ती ऐकायला येतात, तिथल्या कॉलेजात बोलायला शिकवायला एकही तास नसावा याचं खरंच वाईट वाटतं. बाहेरचे क्लास आहेत, पण मेसचे पैसे भरताना ज्याची ओढाताण होते त्याने त्यांची फी कुठून आणायची?

माझी प्राध्यापकांना हात जोडून विनंती आहे, प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटं एका विद्यार्थ्याला द्या, कालचा भाग त्याने उभं राहून सांगायचा, रोल नंबरने, म्हणजे मागचे लपून राहणार नाहीत. मार्क नकोत. भाषा त्याची त्याने ठरवू दे, आणि कोणी 'व्हतं', 'पानी' बोललं म्हणून वर्गात हशा पिकला तर तो तिथेच थांबवा, कारण तो एक हशा पुरतो, पोरगं परत उभंच राहत नाही. साठ मुलं, दिवसाला चार तास, म्हणजे पंधरा दिवसांत सगळ्यांची एक पाळी होते. पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही.

आमच्या गच्चीवर आता अकरा जण येतात, फर्स्ट इयरची पोरं पण आहेत. पाऊस असला की जिन्यात बसतो. संध्याकाळी एक रिकामी वर्गखोली उघडून मिळाली तर मुलींनाही येता येईल, त्या दोनदा विचारून गेल्यात.

आपला,
एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर