तुझ्या फोटोतला हिरवा किडा

प्रिय सुहास,

फोटो मिळाले. काल रात्री कितीतरी वेळ ते मोठे करकरून पाहत बसलो होतो. कुरणात वाकून, गवताच्या तुऱ्यावरच्या एवढ्याशा जिवाकडे तू लक्ष दिलंस, याचाच मला फार आनंद झाला. बहुतेकांना तो दिसतच नाही. अंग आवळून काडीला चिकटला की काडीच होऊन जातो.

कूळ मिरिड, म्हणजे ढेकणाच्या गणातलं एक कूळ, त्यात शंका नाही. चार पेरांच्या मिशा आणि पुढच्या पंखाच्या जाड भागाच्या टोकाशी ती वेगळी तिकोनी पाचर तुझ्या पहिल्या फोटोत छान आली आहे. पण या कुळात ११ हजारांवर जाती आहेत, तेव्हा पुढे जायला हवं. अंग लांबट, आणि डोक्यामागच्या ढालीवर टाचणीने टोचल्यासारखे दाट खड्डे, म्हणजे या कुळातली स्टेनोडेमा ही प्रजाती, जवळच्या जातींचा एक गट. नोटोस्टिरा या दुसऱ्या प्रजातीतला किडाही असाच लांबोडका आणि गवतातलाच, पण त्याच्या ढालीवर असे खड्डे नसतात.

तू विचारतोस, ‘हिरवा आहे, म्हणजे स्टेनोडेमातली लीव्हिगाटा ही जातच ना?’ अरे, रंगावर मुळीच जाऊ नकोस! हे किडे प्रौढ अवस्थेतच हिवाळा काढतात, तेव्हा वाळल्या गवताच्या रंगाचे असतात. वसंतात तेच हिरवे होऊ लागतात. मला हे फार विलक्षण वाटतं. पूर्ण वाढ झालेला किडा, कात न टाकता, ऋतूबरोबर रंग बदलतो.

खरी खूण मागच्या मांडीत आहे. गुडघ्याच्या जरा अलीकडे, खालच्या बाजूला बघ. दोन काटे असले तर कॅल्कराटा, जिचं वर्णन स्वीडिश कीटकतज्ज्ञ फालेनने १८०७ मध्ये केलं. तीन असले तर ट्रायस्पायनोजा. मांडी साफ गुळगुळीत असेल तर लिनियसने १७५८ मध्ये वर्णन केलेली लीव्हिगाटा. पण होल्साटा ही आणखी एक जातही बिनकाट्याचीच असते, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही, मिशा आणि पायांची ठेवणही पाहावी लागते.

तुझे सगळे फोटो वरून काढलेले आहेत, त्यामुळे मांड्या अंगाखाली गेल्यात. फक्त तिसऱ्यात डावी मांडी थोडी बाहेर आलीय आणि तिथे एक बारीक टोक असल्यासारखं वाटतंय. तो काटा असेल तर त्याच्याजवळ दुसराही असायला हवा. तेव्हा पुन्हा सापडला तर काचेच्या नळीत घे, बाजूने फोटो काढ, मागचा पाय स्पष्ट येऊ दे आणि मग त्याच तुऱ्यावर सोडून दे. कच्चे दाणे शोषायला तो तिथेच येतो, म्हणून गवत कुठलं तेही लिहून ठेव, तारखेसकट.

फोटो आले की लगेच कळवतो.

तुझा,
अविनाश