पेन्सिलीच्या त्या बारीक प्रश्नचिन्हाबद्दल

ताई,

आभार मानलेले तुम्हाला आवडणार नाहीत, तरी स्वतःची गृहीतकं तपासायला शिकवलंत म्हणून मानायचेच आहेत, तेही चारचौघांत.

'मन मोकळं ठेवा', 'पूर्वग्रह सोडा' म्हणणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. पण रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते त्यांच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. 'पाच वेळा का विचारा' म्हणणारेही झाले. पाचव्या 'का'पर्यंत समोरच्याची उलटतपासणी होते आणि स्वतःचं गृहीतक मात्र जागचं हलत नाही.

तुम्ही माझ्या वहीतल्या 'नक्कीच' या शब्दाशेजारी, समासात, पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलंत आणि पेन्सिलीसकट वही परत दिलीत. ना लाल शाई, ना शेरा. पटलं नाही तर खोडून टाकता येईल अशी खूण! चूक दाखवताना समोरच्याची लाज राखणारी माणसं किती कमी असतात, हे त्या खुणेनं कळलं.

मग तुमची ती चार ओळींची रीत. रोज एकच गृहीतक, तेही सकाळीच. काय दिसलं, त्यावरून काय ठरवलं, खात्री शंभरात किती, आणि काय घडलं तर हे खोटं मानायचं. 'दोनदा फोन केला, उचलला नाही' हे दिसलेलं. 'तो टाळतोय' हे ठरवलेलं. खात्री ८०. संध्याकाळपर्यंत त्याने आपणहून फोन केला तर खोटं. पहिल्या दोन ओळींच्या मध्येच सगळी गफलत असते, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत.

रात्री लिहून चालत नाही. तोवर निकाल ठाऊक झालेला असतो आणि 'वाटलंच होतं' म्हणत आठवण गुपचूप बदलते. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हीच खोड प्रयोगातून दाखवली होती. डार्विन तर मताविरुद्धची गोष्ट दिसली की लगेच टिपून ठेवायचे, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशाच गोष्टी लवकर विसरतात.

चौथी ओळ सगळ्यांत जड जाते. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एका प्रयोगात २, ४, ६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला. आपापले आकडे सुचवून तो तपासून बघायची मुभा होती. 'दोन-दोनाने वाढतात' असं वाटलेला माणूस ८, १०, १२ सुचवतो, 'हो' ऐकतो आणि खूश होतो. नियम होता फक्त चढत्या आकड्यांचा. १, २, ७ सुचवलं असतं तर तिथेच डोळे उघडले असते. २९ जणांपैकी फक्त ६ जणांचं पहिलं उत्तर बरोबर आलं.

'माणसं स्वार्थी असतात' असली वाक्यं तुम्ही वहीत येऊच दिली नाहीत, कारण ती खोटी ठरण्याची सोयच नसते. उत्साहात रोज दहा लिहिणाऱ्यांची वही लवकरच बंद पडते, हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत. (दुसऱ्यांची गृहीतकं तपासायला मात्र कुणालाच कंटाळा येत नाही!) आणि महिनाअखेरची मोजणी: '८०' लिहिलेल्या दर दहा नोंदींत साधारण आठ खऱ्या निघायला हव्यात. पाचच निघाल्या, तर पुढच्या महिन्यात ८० लिहिताना हात आखडायचा.

तुमच्या स्वतःच्या वहीतही तीच प्रश्नचिन्हं होती, आणि ती वही तुम्ही न मागता उघडून समोर ठेवलीत.

पेन्सिल अजून इकडेच आहे. बोटभर उरली आहे.