आगटी झाकू नका, विझवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्वारी चिकात आली की सोलापूरच्या आसपास रानोरानी हुरडा भाजायला आगट्या, म्हणजे खड्ड्यातले विस्तव, पेटतात. अलीकडे माळावर तंबू ठोकून रात्र काढणारी पोरंही येऊ लागली आहेत. जरूर यावं. पण जाताना विस्तव मातीने झाकून जाऊ नका, एवढ्यासाठी हे पत्र.

माझी आजी रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायची आणि पहाटे तोच उकरून, फुंकर घालून चूल पेटवायची. पुरलेला विस्तव मरत नाही, उलट टिकतो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या रानात हुरडा खाऊन गेलेल्या मंडळींनी आगटीवर माती लोटली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि आमच्या बांधावरचं वाळलं गवत पेटलं. आम्ही चौघांनी लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपून ते विझवलं. कडब्याची गंज तिथून शंभर पावलांवर होती. ती गेली असती, तर पावसाळ्यापर्यंत जनावरांपुढे काय टाकलं असतं?

नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात तर शेकोटीचं नावही काढू नये. तिथल्या गवतात काळवीट आहेत, लांडगे आहेत, जमिनीवरच घरटी करणारे चंडोल आहेत. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायला किंवा जळता सोडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

स्वतःच्या किंवा ओळखीच्या रानात शेकोटी करायची, तर ती आगटीसारखी करा. पुरुषभर जाळ केला की लाकूड भराभर संपतं आणि माणसं लांब सरकून बसतात. पोट भाजतं, पाठ गारठते. हातभर खड्डा घ्या, भोवतालचं गवत चार-पाच पावलं खुरपून काढा. वारा येतो त्या बाजूने खड्ड्याच्या तळाशी तिरपं भोक पाडलं तर हवा खालून मिळते, धूर कमी होतो. आधी काटक्या, मग बोटाएवढी, मग मनगटाएवढी लाकडं. वाळलेल्या बाभळीचा निखारा बराच वेळ धग देतो. कण्हेर मात्र जाळू नका, तिचा धूर विषारी असतो. ओढ्यातले ओले दगडही खड्ड्याभोवती मांडू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. आणि थंडी कितीही असो, निखाऱ्यांचं घमेलं तंबूत नेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

शेकोटी पेटवण्याआधी दोन घागरी पाणी शेजारी ठेवा. निघताना पाणी ओता, काठीने तळापर्यंत ढवळा, पुन्हा ओता. चर्र आवाज थांबला की हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. धग लागली तर आणखी पाणी. मग राखेत हात घालून पाहा. गार लागली तरच उठा.

पैसे घेऊन हुरडा पार्ट्या करणाऱ्या शेतकरी बांधवांनी प्रत्येक आगटीशेजारी पाण्याचं एक पिंप भरून ठेवावं आणि पाहुणे गेल्यावर आगटी स्वतः ढवळून पाहावी, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक,
उत्तर सोलापूर