आधी पाणी बघ, मग घर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणाली, "सिॲटलमधलं बरं चाललेलं सोडून त्या रानात कशाला?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आई, तू रात्रभर झोपली नसशील हे मला माहीत आहे, म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही जमीन बघतोय ती ओकानोगन काउंटीत, अमेरिकेच्या याच वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या सीमेला लागून. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच धरा. आकाराने साताऱ्यापेक्षा मोठी, पण आपल्याकडे ३० लाख माणसं, तर तिथे जेमतेम ४२ हजार. नदीकाठाने सफरचंदाच्या बागा, वर चढणीला पाइनचं जंगल.

बाबा, कोयनेच्या भूकंपानंतर कितीतरी रात्री अंगणात झोपून काढल्याचं तुम्ही अजून सांगता. ११ डिसेंबर १९६७ची ती पहाट. इथल्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली त्याहून कितीतरी मोठा भूकंप २६ जानेवारी १७०० रोजी झाला होता. तारीख कळली ती जपानच्या किनाऱ्यावर आदळलेल्या लाटांच्या जुन्या नोंदींवरून. तसा पुन्हा होणार, फक्त कधी ते कुणाला सांगता येत नाही. दोन आठवडे आपलं आपण निभावता येईल इतकी तयारी ठेवा, असं इथलं राज्य सरकारच लोकांना सांगतं. चौघांचं दोन आठवड्यांचं पाणी आमच्या सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कुठे ठेवू? सुरुवात या प्रश्नातून झाली. पण मला मातीही हवी आहे, हे तुमच्यापासून का लपवू?

तुम्ही एकच वाक्य बोललात, "आधी पाणी बघ, मग घर." त्यावरच मी सहा महिने काढले.

त्या काउंटीतल्या ओमाक गावात वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण तालुक्यापेक्षाही कमी! कॅस्केड डोंगर सगळे ढग अडवतो, महाबळेश्वर अडवतं तसे. पडतं त्यातलं पुष्कळसं हिवाळ्यात, बर्फाच्या रूपात. पिकाला पाणी हवं त्या जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ कोरडं. सगळी मदार नदी, कालवा आणि बोअरवर. बोअर किती फुटांवर लागली, पाणी किती लागलं, याच्या नोंदी इथे सरकारदरबारी कुणालाही बघता येतात. जमीन बघण्याआधी मी आजूबाजूच्या बोअरच्या नोंदी वाचत असे.

एक जागा मला फार आवडली होती. १२ एकर, उतारावर, दारातून नदी दिसायची. दलाल म्हणाला, कालव्याचं पाणी जमिनीसोबतच येतं. कागद मागवले तर रान कित्येक वर्षं पडीक. इथे पाण्याचा हक्क सलग ५ वर्षं कारणाशिवाय वापरला नाही, तर तो गमावला जातो. आणि उरलेल्यांतही ज्याचा हक्क जुना त्याला आधी पाणी, नव्याने मागून थांबायचं. त्या दिवशी गाडीत बसून मी खूप रडले. पण दाखवलेल्या पाण्यापेक्षा कागदावरचं पाणी खरं, हे तुम्हीच तर शिकवलंत.

दुसरी गोष्ट आग. १४ जुलै २०१४ला याच काउंटीत विजा पडून चार ठिकाणी वणवे लागले, ते एक झाले आणि अडीच लाख एकरांहून जास्त जळालं. तीनशेच्या वर घरं गेली. खोऱ्यात कित्येक दिवस वीज नव्हती, आणि वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे ऐन आगीत नळ कोरडा. ऑगस्टमध्ये पाऊस आला तर त्या उघड्या पडलेल्या डोंगरांवरून चिखलाचे लोंढे रस्त्यांवर. पुढच्याच वर्षी त्याहून मोठे वणवे, त्यात तिथल्याच ट्विस्प गावाजवळ आग विझवणारे तीन तरुण गेले.

तिथे सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी मला त्यांचं घर दाखवलं. पत्र्याचं छप्पर. भिंतीपासून पाच फूट नुसती खडी, एक झुडूप नाही, लाकडाचा ढीग लांब. आढ्याखालच्या झरोक्यांना इतकी बारीक जाळी की करंगळीचं नखसुद्धा जाणार नाही. म्हणाल्या, घर ज्वाळांनी पेटत नाही, आधी उडून आलेल्या ठिणग्यांनी पेटतं. मग शिडी लावून पन्हाळीतली पाइनची वाळकी पानं हाताने काढायला लागल्या. मी खाली बादली धरून उभी. तळघरात त्यांनी जर्दाळू, टोमॅटो, घेवड्याच्या बरण्या तारखा घालून लावून ठेवल्या होत्या. आई, तुझ्या माळ्यावरची उतरंड आठवली.

थंडीचं लपवत नाही. १९६८च्या डिसेंबरात तिथल्या विनथ्रॉप गावी पारा उणे ४४ अंशांवर उतरला होता. डोंगरातला उत्तरेचा रस्ता हिवाळाभर बंद असतो, सिॲटलला वळसा घालून यावं लागतं. दवाखाने छोटे, पण ओमाक, ब्रूस्टर आणि टोनॅस्केट तिन्ही गावांत आहेत. काउंटीचा आग्नेय भाग कोलव्हिल आदिवासींच्या राखीव भूमीत येतो, आणि बाकीची जमीनही एके काळी त्यांचीच होती. हे विसरून तिथे राहायला जाणं मला जमणार नाही.

तर ठरलं ते असं. उतारावरचं, जंगलातलं काही घ्यायचं नाही. ओमाकच्या बाजूला सपाटीवरची चार एकर जागा पाहिली आहे. कालव्याचं पाणी दरवर्षी वापरात असल्याचे कागद आहेत आणि बाहेर पडायला दोन दिशांना रस्ते आहेत. आधी एक वर्ष तिथे भाड्याने राहणार, एक हिवाळा आणि एक धुराचा उन्हाळा काढणार, मगच पैसे देणार. नोकरी चालूच राहील, घरून काम करायला कंपनीने परवानगी दिली आहे.

बाबा, तुमच्याकडून एक हवं आहे. मागच्या टेकाडावर पाण्याची टाकी बसवायची आहे, वीज गेली तरी पाणी आपोआप घरात यावं म्हणून. घरापासून चढ साधारण ४० फूट आहे. आपल्या मळ्यातल्या टाकीला तुम्ही किती इंची पाइप घातला होता, आणि वाटेत वॉल्व्ह कुठे ठेवला होता? इथे पाइप जमिनीत खोल गाडावा लागेल, नाहीतर पाणी गोठेल. जमल्यास वहीच्या कागदावर आकृती काढा आणि दादाला फोटो पाठवायला सांगा.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग, लाजू नकोस.

तुमची,
लेक