तुझ्या गाडीबद्दल

प्रिय सोन्या,

काल फोन तू ठेवलास की आपोआप कट झाला ते कळलं नाही, पण परत लावायचं धाडस झालं नाही म्हणून हे लिहीत बसलेय. साडेबारा वाजून गेलेत, बाबा झोपलेत, तुझ्याकडे दुपार असेल. तू एवढ्या आनंदाने गाडीचा फोटो पाठवलास आणि माझं पहिलं वाक्य काय तर "विकून टाक". कितीला घेतलीस नाही, कुणी बघून दिली नाही, काहीच विचारलं नाही. स्टायपेंडमधून साठवून घेतलीस, आमच्याकडे एक रुपया मागितला नाहीस. फोन झाल्यावर मी लगेच बेबीमावशीला सांगितलं, पोराने स्वतःच्या पैशाने गाडी घेतली गं म्हणून, तर ती म्हणाली मग रडतेस कशाला.

विकू नकोस. मिसिसिपीतल्या त्या स्टार्कव्हिलमध्ये गाडीशिवाय माणसाचं पान हलत नाही हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहितीय. फक्त रात्री हायवेला काढू नकोस, एवढंच मला म्हणायचं होतं. हरणं येतात रे तिथे रस्त्यावर. नोव्हेंबरमध्ये तर एकामागून एक, पहिलं गेलं म्हणून तू पुढे सरकतोस आणि मागचं येऊन आदळतं. शिवाय ते लाकडाचे ट्रक, मागे ओंडके लोंबतात आणि टोकाला एक लाल फडकं बांधलेलं, ते अंधारात काय दिसणार.

बरं, पुरे. तुला वाटेल आई टॉर्नेडोची काळजी करत असेल. नाही करत. सायरन वाजला की आतल्या पॅसेजमध्ये नाहीतर बाथटबमध्ये बसायचं, डोक्यावर गादी घ्यायची, हे आम्हाला शाळेत घोटून शिकवलेलं, ते तुलाही शिकवतीलच.

आम्ही ऑगस्ट १९८३ मध्ये तिथे उतरलो, मी तेरा वर्षांची. सांगलीहून निघताना कृष्णेचं पाणी चढलेलं, आणि तिथे पोचल्यावर तशीच दमट गरम हवा अंगावर आली तेव्हा आई म्हणाली, अहो हे तर आपल्यासारखंच आहे. नानांनी पहिल्याच रविवारी गावाच्या पूर्वेला जाऊन माती हातात घेऊन बघितली, काळी, कपाशीची, उन्हाळ्यात भेगा पडणारी. पाकिटात घालून ती सांगलीला पाठवायची म्हणत होते. नाना पीएचडीला डेअरीवाल्या डिपार्टमेंटला होते हे तुला माहितीच आहे, त्यामुळे आमच्या घरात ते लाल मेणातलं गोल चीज कायम असायचं, युनिव्हर्सिटीत १९३८ पासून बनवतात ते, तोफगोळ्यासारखं दिसतं. आई ते थालीपीठावर किसून घालायची. तू गेल्या महिन्यात त्याचा फोटो पाठवलास ना, मी ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवला.

आणि भेंडी! आईला वाटत होतं तिथे कुठली भेंडी मिळायला, तर शाळेत पहिल्याच आठवड्यात मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी ताटात. एक जानेवारीला चवळी खायची, वर्ष चांगलं जातं म्हणून. मक्याच्या कण्या, पालेभाजी, आणि चहा थंड असला तरी गोडमिट्ट. हे सगळं मी तुला शंभर वेळा सांगितलंय. काजवे, सिकाडा किड्यांचा आवाज, कुडझूच्या वेलाने झाकून टाकलेली पडकी घरं, आमच्या क्वार्टरमागचं मॅग्नोलियाचं झाड ज्याचं एक फूल आणलं की रात्रभर खोली भरून वास. तू लहान असताना लाइट गेले की म्हणायचास, आई तुझ्या गावाची गोष्ट सांग. मी सांगलीची सांगायला लागले की म्हणायचास ती नाही, ती दुसऱ्या गावाची.

म्हणूनच तू बाकीची अ‍ॅडमिशन सोडून तिथेच गेलास. तू कधी बोलला नाहीस पण मला माहितीय. आणि कालपासून मला तेच टोचतंय.

माझ्या वर्गातल्या त्या मैत्रिणीबद्दल मी तुला सांगितलंय, लॅबमध्ये माझी पार्टनर होती ती. पण आमची ओळख कशी झाली ते सांगितलेलं नाही. काळी आणि गोरी मुलं तिथे खरोखर एकत्र शिकायला लागली १९७० मध्ये, कोर्टाने बजावल्यावर. म्हणजे मी गेले तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झालेली. बऱ्याच गोऱ्या लोकांनी मुलं काढून खासगी अ‍ॅकॅडमीत घातलेली. आमच्या वर्गात बाकं एकत्र होती, पण जेवणाच्या सुट्टीत टेबलं वेगळी, कुणी सांगितलेलं नव्हतं, आपोआप. इकडची सगळी टेबलं गोरी, तिकडची सगळी काळी. मी मधल्या वाटेत ट्रे धरून उभी. ट्रेमधला दुधाचा डबा थरथरत होता, मला वाटलं कुणीतरी टेबल हलवतंय, मग लक्षात आलं माझेच हात आहेत. तेव्हा तिने बाकावर सरकून जागा केली. काही बोलली नाही, नुसती सरकली. पुढची चार वर्षं मी तिथेच जेवले.

तिच्या आजीकडे रविवारी चर्चनंतर जेवायला जायचे मी. चवळी आणि भेंडी खरी तिथली. भेंडी आमच्या माणसांबरोबर आफ्रिकेतून आली, असं आजी सांगायची, ज्यांना जहाजात घालून आणलं त्यांच्याबरोबर. आणि दर वेळी खिडकीतून बघायची, म्हणायची, हनी, उजेड आहे तोवर घरी जा. मला वाटायचं म्हातारं माणूस, आपल्या आक्कासारखं दिवेलागणीला घरात हवं म्हणतंय.

हे बघ मी पुन्हा त्याच विषयावर आले. यायचं नव्हतं. पण आता आलेच आहे तर सांगते, हे मी तुला कधीच सांगितलेलं नाही, बाबांनासुद्धा धड नाही.

१९८५ चा मार्च असेल. आम्ही अटलांटाहून परत येत होतो. तिथे किराणा आणायला जायचो, तूरडाळ, हिंग, हळद, पोह्याची मोठी पिशवी, तीन-चार महिन्यांचं एकदम. टस्कलूसा सोडल्यावर ८२ नंबरचा रस्ता, तेव्हा बराचसा दोनच लेनचा, दोन्ही बाजूला पाइनची झाडी, पाऊस भुरभुरत होता. तुझा मामा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला. मागून निळे दिवे आले. नानांनी गाडी बाजूला घेतली, स्पीड जास्त नव्हता, नाना कधीच जास्त चालवायचे नाहीत. नानांना खाली उतरवलं, बॉनेटवर हात ठेवून पावसात उभं केलं. डिकी उघडली. एकेक पिशवी काढून रस्त्याच्या कडेला ठेवली, हळदीची फाडली. टॉर्चच्या उजेडात ओल्या डांबरावर ती पिवळी हळद पसरत जाताना मला अजून दिसते. आई पुढच्या सीटवर मंगळसूत्र मुठीत धरून नुसती समोर बघत होती. किती वेळ झाला माहीत नाही, वायपर चालू होते, ते मोजत बसलेले मी. मग जा म्हणाले. नाना येस सर म्हणाले, थँक यू सर म्हणाले, पिशव्या भरल्या, गाडीत बसले आणि किल्ली लागेना त्यांना. दोन वेळा खाली पडली.

घरी आल्यावर एक अक्षर नाही. पण त्यानंतर नानांनी अंधार पडल्यावर गाडी काढली नाही. आणि मी काय केलं असेल? मी भांडले. शुक्रवारी शाळेच्या फुटबॉल मॅच संध्याकाळी असायच्या, सगळी पोरं जायची, नंतर ड्राइव्ह-इनला बर्गर खायचे, मेन रोडवरून गाड्या खालीवर फिरवायचे. तिथे पंधराव्या वर्षी लायसन्स मिळायचं तेव्हा, माझ्याबरोबरचे सगळे चालवायचे. नाना ना स्वतः सोडायचे, ना कुणाबरोबर जाऊ द्यायचे. शनिवारी दुपारी युनिव्हर्सिटीच्या मॅचला मात्र न्यायचे, तिथे लोक गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात, आमच्या वेळी बंदी होती तरी कोटात लपवून आणायचे, आणि नाना हसून म्हणायचे बेंदूर आलाय बघ. पण मला शुक्रवार हवा होता. मी त्यांना म्हणाले, तुम्ही भित्रे आहात, इथे येऊन तुम्ही घाबरून राहता. मी त्या गाडीत मागे बसलेले होते, सगळं बघितलेलं होतं, आणि तरी मला दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत. नाना काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

काल तू म्हणालास, आई तू तिथल्या लोकांना ओळखत नाहीस आता, २०२० मध्ये त्यांनी राज्याचा झेंडा बदललाय. खरंय. आमच्या शाळेबाहेर तो जुना फडकायचा, गुलामगिरी टिकवायला लढलेल्या कॉन्फेडरेट राज्यांची खूण असलेला, मला चार वर्षं तो नुसता रंगीत वाटला. आता त्याच्यावर मॅग्नोलिया आहे, मी बातमी वाचली तेव्हा घरात एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या. आणि तुझे प्रोफेसर, तुझी ती घरमालकीण जी दर रविवारी 'पाय' नावाचा तो भाजलेला पदार्थ देते, सगळं मला कळतं. ते गाव मी खोटं सांगितलं नाही तुला. काजवे खरे होते, ती मैत्रीण सरकून बसली तेही खरं होतं. फक्त अर्धंच सांगितलं.

म्हणून रात्री नको म्हणतेय. हरणं असतात हे खरंच आहे. पण समजा निघालासच, आणि मागे दिवे लागले, तर उजेड असेल अशा जागी सावकाश थांब, आतला दिवा लाव, दोन्ही हात स्टीअरिंगवर. सांगितल्याशिवाय ग्लव्ह बॉक्सला हात घालू नकोस. वाद घालू नकोस, तू बरोबर असलास तरी. तुला बरोबर असल्यावर गप्प बसता येत नाही, माझ्यासारखंच आहे ते.

झालं, दिलं लेक्चर. चिडू नकोस. चोवीस वर्षांचा आहेस, तुझी गाडी आहे, तू ठरव. मी नानांसारखं अडवणार नाही, आणि अडवायला आहे कुठे तिथे.

चवळी आत्ताच आणून ठेव, डिसेंबरअखेर दुकानात संपते. आमच्या क्वार्टरमागचं झाड अजून आहे का बघ जमलं तर. आणि गाडीचा फोटो परत पाठव, काल रागात डिलीट केला मी. उजेडात काढलेला पाठव, त्यात रंगच कळत नव्हता.

तुझी,
आई