बंद ठेवलेल्या पाच दारांसाठी

हानेदाच्या त्या विमानातल्या नऊ केबिन क्रूंना,

सप्रेम नमस्कार.

२ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी सप्पोरोहून आलेलं जपान एअरलाइन्सचं विमान ५१६ टोकियोच्या हानेदा विमानतळाच्या धावपट्टीवर उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. त्यांची आठवण ठेवूनच हे पत्र लिहितो आहोत. तुमच्या विमानातले ३६७ प्रवासी मात्र सगळेच्या सगळे जिवंत बाहेर आले. कौतुक झालं ते तुम्ही उघडलेल्या तीन दारांचं. विमान सुरक्षेचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींना आभार मानायचे आहेत ते बंद ठेवलेल्या पाच दारांबद्दल.

दार उघडणं त्या मानानं सोपं. उड्डाणाआधी दार 'आर्म' केलेलं असतं, म्हणजे ते उघडताच प्रवाशांना उतरायची घसरगुंडी आपोआप फुगेल अशा स्थितीत ठेवलेलं असतं. हँडल पूर्ण वर उचललं की दार जोरानं बाहेर ढकललं जातं आणि घसरगुंडी काही सेकंदांत फुगते. नाहीच फुगली तर लाल हँडल ओढायचं. सरावानं हे हाताला बसतं. कसोटी त्याच्या आधीची असते: खिडकीला डोळा लावून बाहेर बघायचं. ज्वाळा आहेत का? इंधन सांडलंय का? इंजिन अजून फिरतंय का? घसरगुंडीचं टोक जमिनीला टेकेल का? बाहेर आग असताना दार उघडलं तर धूर थेट आत घुसतो, घसरगुंडी जळते, आणि ती दारात फुगून बसल्यामुळे दार परत लावताही येत नाही. एका चुकीच्या दारानं अख्खी केबिन धुरानं भरते.

आणि हे सगळं मागून माणसं रेटत असताना. ती तर जवळ दिसेल त्याच दाराकडे धावणार. अशा वेळी दाराला पाठ लावून, तोंड प्रवाशांकडे करून 'हे दार बंद आहे, पुढे जा' असं ओरडत उभं राहावं लागतं. ती पाच दारं तुम्ही बंद ठेवलीत, म्हणून लोक पुढच्या दोन दारांकडे आणि मागच्या डाव्या दाराकडे वळले.

विमानाला परवाना मिळण्याआधी निम्म्याच दारांनी, फक्त आपत्कालीन दिव्यांच्या उजेडात, ९० सेकंदांत सगळ्यांना बाहेर काढून दाखवावं लागतं. पण त्या चाचणीत धूर नसतो, विमान सपाट उभं असतं. तुमच्याकडे आठांपैकी तीनच दारं होती, पुढचं चाक मोडून नाक जमिनीला टेकलेलं होतं, आणि केबिनमधली घोषणा यंत्रणा बंद पडली होती. उरला होता मेगाफोन आणि घसा. म्हणून घड्याळ लावून तुमची त्या चाचणीशी तुलना करणं आम्हाला पटत नाही.

सामानाबद्दलही आभार. वरचा एक कप्पा उघडला की मागची सगळी रांग थांबते. बॅगेच्या चाकानं घसरगुंडी फाटली तर ते दारच हातचं जातं. लोक रिकाम्या हातांनी उतरले ते प्रवाशांच्या समजूतदारपणामुळे, आणि बॅगा सोडायला सांगणाऱ्या तुमच्या आवाजामुळेही.

उतरण्याआधीच्या त्या शांत क्षणांसाठी वेगळे आभार. जंप सीटवर, म्हणजे दाराजवळच्या क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, पट्टा बांधून केबिन क्रू मनातल्या मनात उजळणी करतात: माझं दार कुठलं, हँडल कुठे, पहिला शब्द काय, मदतीला कोणाला उठवायचं. प्रवाशांना वाटतं, नुसत्या बसल्या आहेत. शेकडो वेळा त्या उजळणीचं काही काम पडत नाही, तरी ती दर वेळी करावी लागते.

शेवटी मागच्या डाव्या दारावर जे होते त्यांना. कॉकपिटशी संपर्क होत नव्हता, हुकूम येणार नव्हता. अशा वेळी धोका डोळ्यांना दिसत असेल तर स्वतः निर्णय घ्यायची मुभा नियमात आहे. पण ती वापरायला छाती लागते. शेपटी उचलली गेल्यानं तिथली घसरगुंडी नेहमीपेक्षा जास्त उभी होती. बाहेर बघून, तिचा अंदाज घेऊन तुम्ही ते दार उघडलंत. विमान उतरल्यानंतर सुमारे १८ मिनिटांनी कॅप्टन सर्वांत शेवटी त्याच दारातून बाहेर पडले.

आपले,
विमान सुरक्षेतले सहकारी